मोरीकाठची कर्दळ



परभणीहून मनमाडच्या दिशेने गाडी सुटली की थोड्याच वेळात पेडगाव येते. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण ठाऊक असलेले परगावचे लोक आमच्या गावाचे नाव ऐकले की गालात हसतात. पण म्हणीतले पेडगाव ते आमचे नव्हे बरं का! ते भीमेच्या काठी, श्रीगोंदे तालुक्यात, जिथे बहादूरगड आहे तिथले. आमचे पेडगाव परभणी तालुक्यातले, काळ्या रानातले. चैत्र-वैशाखात जमिनीला हात जाईल एवढाल्या भेगा पडतात आणि श्रावणात त्याच जमिनीत पाय घोट्यापर्यंत रुततो, असे हे रान.

आज मी आपल्याला फुलझाडांचा इतिहास सांगणार आहे. तोही कसल्या फुलझाडांचा, तर ओलसर आणि सावलीच्या जागेत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या, पुरुषभर उंच वाढणाऱ्या फुलझाडांचा. आपण म्हणाल, “गुरुजी, मराठवाड्यात ओल कुठली आणि सावली कुठली? हा विषय कोकणातल्या मंडळींना सांगा.” प्रश्न रास्त आहे. पण आपल्या जिल्ह्यात ओली सावली कुठे कुठे होती, याची नुसती यादी करू लागलो, तरी आपल्या पाण्याचा निम्मा इतिहास त्यात येतो. म्हणून तर हा विषय घेतला.

पहिली जागा म्हणजे बारव. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. शंखात उतरावे तशा पायऱ्या खाली फिरत जातात. जिंतूर तालुक्यात चारठाण्यालाही जुन्या मंदिरांच्या सोबतीला बारव आहे. भर उन्हाळ्यातही बारवेच्या खालच्या पायऱ्यांवर गारवा असतो, दगडांच्या सांध्यांत नेच्याची पाने डोकावतात. पण बारव ही देवाची आणि गावाची जागा. तिथे कोणी फुलझाडे लावीत बसत नसे.

दुसरी जागा मळ्यातली. विहिरीवर मोट चाले तेव्हा मोटेचे पाणी धो धो करून थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने निघे. थारोळ्याभोवती सदा चिखल, वर आंब्याची किंवा जांभळीची सावली. तिथे आळू असे, केळीचे एखादे बेट असे, आणि मालकाला हौस असेल तर कर्दळही असे. पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप आले. मोट गेली आणि थारोळेही गेले. बैलाचे कष्ट वाचले हे चांगलेच झाले, त्याबद्दल मी रडणार नाही. पण पाइपातले पाणी सरळ पिकाच्या मुळाशी जाऊ लागले आणि मधली ओल संपली.

उरली तिसरी जागा, ती म्हणजे घरामागची मोरी. हीच आपल्या विषयाची खरी जागा.

जुन्या घरांत न्हाणीघर असे ते मागच्या अंगाला. चार फरश्या, एक रांजण, पाणी तापवायला चूल आणि भिंतीला एक भोक. त्या भोकातून आंघोळीचे आणि भांड्याचे पाणी बाहेर पडे आणि भिंतीच्या सावलीत मुरे. बहुधा ही बाजू उत्तरेची किंवा पूर्वेची, म्हणजे दुपारचे ऊन चुकलेली. माझ्या वडिलांच्या थोरल्या वहिनी, आमची मोठी माय, हिच्या मोरीमागे कर्दळीचे दाट बेट होते. तांबड्या फुलांची, हिरव्या पानांची, अगदी गावठी कर्दळ. तिच्या पलीकडे, भिंतीला चिकटून, हळदीचे चार गड्डे. आणि कोपऱ्यात, घडवंचीच्या आडोशाला, नांदेडच्या पाव्हण्यांनी आणून दिलेला सोनटक्का. तिन्ही झाडे एकमेकांची चुलत भावंडे आहेत हे मला पुढे पुस्तकात कळले. मोठ्या मायेला ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. “पानं बघ की,” ती म्हणे, “सगळ्यांची एकाच सुरनळीतून निघतेत.” मी एकदा तिला विचारले, “माय, समोरच्या अंगणात लावायची सोडून ही झाडं मोरीत कामून लावलीस?” तर म्हणाली, “लेकरा, समोर ओतायला पाणी कुठंय? हे आपलं उष्टं पाणी पितंय आन् वर फूल देतंय. आनखी काय पाहिजे?”

आता या कर्दळीचीच गोष्ट घेऊ, कारण तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

‘कर्दळ’ हा शब्द आपल्याकडे फार जुना. संस्कृतात ‘कदली’ म्हणजे केळ. त्याचेच बोलीत कर्दळी झाले. आपल्यापैकी दत्तभक्तांना कर्दळीवन ठाऊक असते. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुराहून निघाले आणि श्रीशैलाजवळच्या कर्दळीवनात गुप्त झाले, ही कथा गुरुचरित्रात आहे. पुष्कळांची समजूत अशी की ते वन आपल्या मोरीमागच्या तांबड्या कर्दळीचे. तसे असणे शक्य नाही, आणि ते का शक्य नाही हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे, कारण इतिहासात पुरावा कसा लावतात याचा हा छान धडा आहे. नृसिंहसरस्वतींचा काळ चौदावे-पंधरावे शतक धरतात. कर्दळ हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला १४९२ साली. म्हणजे स्वामी कर्दळीवनात गेले तेव्हा आजची कर्दळ समुद्राच्या पलीकडे होती. तेव्हा कर्दळीवन हे केळीचे वन. शब्द इथला, झाड मात्र नंतर आले. ते आले तेव्हा लोकांनी त्याचे केळीसारखे पान पाहिले आणि केळीचे जुने नाव त्याच्या अंगावर घातले. थोरल्या भावाची बंडी धाकट्याला घालावी, तसे झाले.

असे एकट्या कर्दळीचेच झाले नाही. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात रानटीसारखे माजलेले सीताफळ, ठेच्यातली मिरची, ही सगळी त्याच वाटेने आली. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत त्यांच्या गलबतांतून जे काही बी-बेणे आले, त्यात कर्दळ असावी. युरोपात ती त्याच सुमारास पोचली होती. क्लूसियस नावाच्या वनस्पतिज्ञाने स्पेन-पोर्तुगालमधल्या झाडांवर १५७६ साली जो ग्रंथ छापला, त्यात ती आहे.

आणि आपल्या किनाऱ्यावरचा पुरावा तर फारच चांगला आहे. सतराव्या शतकात डचांचा मलबारचा अधिकारी व्हान र्‍हीड याने तिकडच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करवून घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग. बारा खंड, १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅमला छापलेले. या कामात मलबारी वैद्य इट्टी अच्युतन् होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही होते. त्यांनी १६७५ साली कोकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. आपल्या अक्षराचा नमुना सातासमुद्रापार इतक्या लवकर छापून निघाला, तो फुलापानांच्या निमित्ताने. या ग्रंथाच्या अकराव्या खंडात कर्दळीचे चित्र आहे आणि नाव दिले आहे ‘कट्टू-बाला’. मल्याळीत त्याचा अर्थ रानकेळ. आता बघा, मलबारच्या माणसाने पान पाहिले आणि म्हटले रानकेळ. आपल्या माणसाने पान पाहिले आणि म्हटले कर्दळ. दोघांची गाठ पडली नव्हती, पण डोळा एकच.

यानंतर स्वीडनचा लिनियस. जगातल्या सगळ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावे देणारा त्याचा ग्रंथ १७५३ साली निघाला. त्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर पहिले झाड कोणते असेल? गुलाब नाही, कमळ नाही. पहिली आपली कर्दळ! तिला त्याने नाव दिले ‘कॅना इंडिका’. पान उलटले की दुसऱ्या पानावर हळद. म्हणजे मोठ्या मायेची मोरी लिनियसने ग्रंथाच्या दारातच आणून ठेवली होती, असे म्हणायला हरकत नाही. ‘इंडिका’ या शब्दाने फसू मात्र नये. त्या काळी युरोपातले लोक अमेरिकेच्या बेटांनाही ‘इंडीज’ म्हणत, आणि लिनियसला तर हे झाड आशिया, आफ्रिका, अमेरिका तिन्हीकडचे वाटले.

कर्दळ पहिली का, याचे कारण तिच्या फुलात आहे. लिनियसने झाडांचे वर्ग पाडले ते पुंकेसर मोजून. एक पुंकेसर असलेली झाडे पहिल्या वर्गात. कर्दळीचे फूल हातात घेऊन मुलांना दाखवा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्याच नव्हेत. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, टोकदार, बाहेरच्या बाजूला. आतली मोठी रंगीत पाने म्हणजे पुंकेसरांचेच पसरट झालेले रूप. त्यांतल्या फक्त एकाच्या कडेला परागाची अर्धी पिशवी शिल्लक असते. एवढ्यावर सारा संसार! सोनटक्क्याचेही असेच. त्याची पांढरी पसरट फुलपाखरासारखी जिवणी ही पाकळी नव्हे, पुंकेसरांचे बदललेले रूप आहे.

बागांतल्या मोठ्या फुलांच्या कर्दळी या मानाने अलीकडच्या. फ्रान्सचा आने नावाचा गृहस्थ दक्षिण अमेरिकेत चिली देशी वकिलातीवर होता. तिथून परतताना कर्दळीची हौस घेऊन आला आणि १८४० च्या दशकात पॅरिसजवळ त्याने निरनिराळ्या जातींचे संकर करायला आरंभ केला. लियाँ शहरच्या क्रोझीने पुढे बुटक्या, मोठ्या फुलांच्या कर्दळी काढल्या. आपल्या देशात कलकत्त्याला अलिपूरच्या कृषी-उद्यान संस्थेत (विल्यम केरी यांनी १८२० साली स्थापन केलेली ती संस्था) पर्सी-लँकेस्टर मंडळींनी कर्दळीच्या पुष्कळ नव्या जाती तयार केल्या. मग ती सरकारी कचेऱ्यांपुढे आली, बंगल्यांपुढे आली आणि रेल्वेच्या स्टेशनांवर आली. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतची ही आमची लाईन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास झाली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, पाण्याच्या टाक्या गळत, आणि जिथे टाकी गळते तिथे कर्दळ वाढते, असा तो काळ होता. पिवळी, ठिपक्यांची, तांबूस पानांची कर्दळ खेड्यातल्या माणसाने बहुधा प्रथम पाहिली ती फलाटाच्या कडेला. कोणी गड्डा उपसून धोतराच्या सोग्यात घालून आणला असेल तर तो गुन्हा इतिहासाने माफ करावा.

परंतु मोठी माय ज्याला कर्दळ म्हणे ती या संकरांपैकी नव्हे, जुनी गावठी. आणि तिचे घरात कामही होते. महालक्ष्म्या बसल्या की मखराला केळीचे खांब लागत. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याचे पाणी जिल्ह्यात येण्यापूर्वी आमच्या भागात केळ ही मिरासदाराच्या मळ्यातली गोष्ट. मग गरिबाघरी केळीच्या जागी कर्दळीचे दांडे उभे राहत. सत्यनारायणाच्या चौरंगालाही तेच. नैवेद्याला, प्रसादाला कर्दळीचे पान. म्हणजे जिने केळीचे नाव घेतले तिने केळीचे कामही पत्करले.

सोनटक्क्याबद्दल थोडे सांगतो. हा मात्र परदेशी नव्हे, पूर्व हिमालयाच्या ओल्या दऱ्यांतला. नावात सोने आहे, फूल पांढरेशुभ्र. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतो, संध्याकाळी उमलतो आणि रात्री इतका सुटतो की शेजारच्या घरी कळावे. रात्री उडणारे पतंग त्या वासावर येतात. कोकणात बायका त्याची वेणी करतात. हे झाड इथून जगभर गेले. क्युबा देशाने तर १९३६ साली त्याला आपले राष्ट्रीय फूल ठरवले. ब्राझीलमध्ये ते ओढ्यांच्या काठी इतके माजले आहे की लोक त्याला तण म्हणून उपटतात. कर्दळ तिकडून इकडे आली आणि सोनटक्का इकडून तिकडे गेला. आमच्या मोरीमागे मात्र दोघे हातभर अंतरावर उभे होते.

आणि मग १९७२ साल आले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना मी काय सांगावे! पाऊस गेला, विहिरी तळाला लागल्या, माणसे खडी फोडायच्या कामावर गेली, शाळेत सुकडी आली. आमच्या घरी आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणे. भांडी कोरड्या राखेने घासून नुसती पुसून ठेवीत. मोरीच्या भोकातून महिनेच्या महिने पाणी बाहेर आले नाही. कर्दळीची पाने आधी कडेने करपली, मग दांडे आडवे झाले, ते गाईने खाल्ले. हळदीचे कंद मोठ्या मायेने आधीच काढून माठात ठेवले होते. सोनटक्का वाळला. पुढच्या वर्षी, १९७३ च्या मृगात पाऊस पडला, तेव्हा आठ-पंधरा दिवसांत मोरीमागे जमिनीतून तांबूस कोंब वर आले. एक, दोन, सात. गड्डा खाली जिवंत होता. हळद पुन्हा लावली. सोनटक्का काही आला नाही. मोठी माय त्या कोपऱ्यात कितीतरी दिवस बोटाने माती उकरून बघत असे.

हे का झाले याचे उत्तर झाडांच्या स्वभावात आहे. कर्दळीचा गड्डा मांसल, पिठाने भरलेला. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक तो हजारो वर्षे भाजून खात आले आहेत, आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या शेवया होतात. एवढी शिदोरी पोटाशी असलेले झाड वर्षभर दम धरू शकते. सोनटक्क्याचा गड्डा जमिनीच्या अगदी वरच्या थरात पसरतो, त्याला ओल तुटून चालत नाही.

दुष्काळ गेला, पण मोरीचे पाणीही पूर्वीचे राहिले नाही. पूर्वी भांड्यांना राख, कपड्यांना रिठा, केसांना शिकेकाई. राखेतला पोटॅश पाण्याबरोबर झाडाला मिळे. १९६९ साली अहमदाबादला निरमा पावडर निघाली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत स्वस्त धुण्याची पावडर खेड्यापाड्यांत पोचली. बायकांचे हात वाचले, धुणे लवकर होऊ लागले. त्यात वाईट काही नाही. परंतु या पावडरींत सोडा असतो, आणि सोड्याचे पाणी काळ्या मातीत रोज मुरले की माती चिकट होते, वर पांढरा क्षार येतो, पाणी मुरेनासे होते. मग ते साचते, साचले की डास, डास आले की गावात ताप. तेव्हा मोरीची बाग म्हणजे सगळे गोड-गोड होते असे समजू नये. कर्दळीच्या बुडाशी काळे पाणी आठवडा-दीड आठवडा थांबले तर त्यातच डासाची एक पिढी तयार होते. संत गाडगेबाबा गावोगाव हातात खराटा घेऊन हिंडले ते उगीच नव्हे. त्यांच्या नावाने २००० सालानंतर राज्यात ग्रामस्वच्छता अभियान झाले, तेव्हा सांडपाण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली, डास हटवले. ते काम मी मोठे मानतो.

माझी तक्रार शोषखड्ड्याविरुद्ध नाही. माझी तक्रार सिमेंटच्या गटाराविरुद्ध आहे. खड्ड्यातले पाणी निदान आपल्याच जमिनीत मुरते. गटाराने ते गावाबाहेर नेऊन ओढ्यात सोडायचे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, हा हिशेब मला कधी जुळला नाही.

आता शास्त्राने काय केले ते ऐका. जर्मनीत केटे सायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात सांडपाण्यात लव्हाळ्यासारखी पाणवनस्पती लावून प्रयोग केले. त्यांना असे दिसले की मुळांच्या जाळ्यातून पाणी हळूहळू गेले की ते पुष्कळ स्वच्छ होऊन बाहेर पडते. झाड स्वतः काही अंश शोषून घेते. पण मोठे काम करतात ते मुळांवर आणि खडीवर राहणारे सूक्ष्म जीव, आणि त्यांना लागणारी हवा मुळांतून थोडी थोडी खाली पोचते. पुढे जगभर असे खडीचे आणि झाडांचे वाफे झाले, आणि उष्ण देशांत त्यासाठी जी झाडे निवडली गेली त्यांत कर्दळ अग्रभागी आहे. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाची पद्धत तयार केली आहे. मोठ्या मायेने खडी घातली नव्हती हा फरक आहे, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. खडी घातली असती तर पाणी वर साचले नसते आणि डासही झाले नसते.

म्हणून ज्यांना अशी बाग करायची असेल त्यांनी एवढे करावे. पाणी जिथे बाहेर पडते तिथे हात-दीड हात खोल चर घ्यावा, तळाशी वीटकरीचे तुकडे, वर खडी भरावी. पाणी खडीच्या आतून जावे, वर दिसू नये. खडीच्या कडेने, शेणखत आणि वाळू मिसळलेल्या मातीत, कर्दळीचे दोन-तीन डोळे असलेले गड्डे वीतभराहून थोडे कमी खोल पुरावेत. दोन गड्ड्यांत एक हात ते सव्वा हात अंतर ठेवावे. मृगाचा पाऊस झाला की लागवड उत्तम. कर्दळ निम्म्या सावलीत फुलते, पण दिवसभर अंधाराची जागा दिली तर नुसती पानेच देते. सकाळचे ऊन मिळाले पाहिजे. फुले झडलेला दांडा बुडातून कापावा म्हणजे नवा कोंब येतो. तीन-चार वर्षांनी बेट उपसून गड्डे वाटून टाकावेत, नाही तर मधला भाग पोकळ होतो. सोनटक्का अधिक सावलीत चालतो, पण त्याला साबणाचे पाणी आणि साचलेला चिखल देऊ नये. त्याला पालापाचोळ्याचे खत आणि पिण्याच्या माठाखालचे स्वच्छ पाणी बरे. हळद या दोघांच्या मधल्या जागेत. हिंगोली जिल्हा १९९९ साली आपल्यातून वेगळा झाला, त्यातल्या वसमतकडच्या मंडळींना हळद शिकवायला मी जाणार नाही. फक्त तिच्या पानांच्या पोटातून निघणारा पांढरा-गुलाबी फुलोराही एकदा डोळे भरून पाहावा, इतके सुचवतो. मोरीच्या पाण्यावर वाढलेली हळद मात्र खाण्यास घेऊ नये, फुलासाठीच ठेवावी.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी एक गंमत शेवटी ठेवली आहे. कर्दळीच्या बोंडात काळे, गोल, छऱ्यासारखे बी असते. ते इतके कठीण की इंग्रजीत या झाडाला चक्क ‘बंदुकीचा छर्रा’ असे नाव आहे. अर्जेंटिनात एका जुन्या थडग्यात अक्रोडाच्या कवचाचा खुळखुळा सापडला. अक्रोड कोवळा असताना त्याच्यात कर्दळीचे बी सरकवले होते, मग कवच त्याच्याभोवती कठीण झाले. ते बी पेरल्यावर उगवले. कवचाचे वय काढले तेव्हा ते सुमारे सहाशे वर्षांचे निघाले. हा वृत्तांत १९७१ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्गात हे सांगून झाल्यावर प्रत्येक मुलाला एक-एक बी द्यावे. दगडावर घासून आतला पांढरा भाग दिसेपर्यंत कवच उगाळावे, रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे आणि मडक्यात लावावे. कवच न उगाळता लावलेले बीही शेजारी ठेवावे. कोणते आधी उगवते ते मुले स्वतःच बघतील.

आमच्या गल्लीत काही वर्षांमागे सिमेंटचे गटार आले. काम करणाऱ्या मंडळींना घाई होती. मोरीमागचे बेट त्यांनी एका सकाळी उपसून रस्त्यावर टाकले. मी गावात होतो म्हणून दोन पोती गड्डे उचलता आले. शाळेत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, तिथे मुले हात धुतात ते पाणी मागच्या भिंतीशी जाते. तिथे मुलांकडून चर खणून घेतला, खडी भरली आणि गड्डे लावले. महालक्ष्म्यांच्या सुमारास पहिली तांबडी फुले आली. गावातल्या दोन घरच्या बाया पानांना आणि दांड्यांना येऊन गेल्या. यंदा पूर्वेच्या भिंतीकडे, माठाच्या खाली, नांदेडहूनच आणलेला सोनटक्क्याचा एक गड्डा लावला आहे. कोंब दोन आले आहेत.